कंट्री गायकाची घरगुती भाषा आली कुठून?

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत. त्यातल्या कुठल्याही नावाजलेल्या गायकाची मुलाखत घ्या. गाणं साधं असावं, श्रोते म्हणजे घरचीच माणसं, जेवण आईच्या हातचं आणि सगळी धावपळ घरच्यांसाठी, हे चार मुद्दे त्यात येतातच. ही मतं खोटी नसतात. पण ती इतकी एकसारखी का, याचं उत्तर गायकांच्या स्वभावात शोधून मिळत नाही. त्यासाठी एका विमा कंपनीचं रेडिओ केंद्र, एक पिठाची कंपनी आणि शनिवारच्या रात्री यांच्याकडे पाहावं लागतं.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये डब्ल्यूएसएम हे केंद्र ५ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू झालं. मालक होती नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट इन्शुरन्स कंपनी. केंद्राच्या नावातली अक्षरंही कंपनीच्या 'वी शील्ड मिलियन्स' या घोषवाक्याची. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या शनिवारी अंकल जिमी थॉम्प्सन या म्हाताऱ्या फिडलवादकाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) मायक्रोफोनपुढे बसवलं, आणि त्यातून जो साप्ताहिक कार्यक्रम उभा राहिला त्याला १९२७मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळालं. १९३२मध्ये केंद्राची ताकद ५०,००० वॅट झाली आणि ८७८ फुटी मनोरा उभा राहिला. मीडियम वेव्हचं प्रसारण दिवसा जमिनीलगतच राहतं. रात्री ते आकाशातल्या आयनांच्या थरावरून परतून शेकडो मैल लांब उतरतं. त्यामुळे शनिवारी रात्रीचा हा कार्यक्रम कितीतरी राज्यांतल्या शेतघरांत ऐकू जाई. कंपनीचे एजंट दर आठवड्याला काही सेंट हप्त्याच्या छोट्या पॉलिसी विकत दारोदार फिरत. ऑप्रीचा विषय काढला की दार उघडायचं. गाणाऱ्याने शेजारच्या काकांसारखं बोलावं, ही धंद्याचीच गरज होती.

गायकाला मात्र ऑप्रीतून मिळणारं मानधन किरकोळ होतं. खरी मिळकत 'ऑप्री स्टार' हे बिरुद लावून गावोगावी केलेल्या कार्यक्रमांची. अडचण अशी की ऑप्रीचं सदस्यत्व टिकवायचं तर शनिवारी नॅशव्हिलला हजर राहावं लागे, आणि गावांतही सर्वांत जास्त तिकिटं शनिवारीच खपत. १९६०च्या दशकात वर्षाला २६ शनिवारांची अट होती. ती न पाळल्याबद्दल डिसेंबर १९६४मध्ये १२ सदस्यांना एकदम वगळलं गेलं. त्यामुळे दौऱ्याचा आकार ठरून गेला: शनिवारचा कार्यक्रम आटोपला की निघायचं, आठवडाभर शाळांची सभागृहं, तंबू, मेळ्याची मैदानं करायची आणि पुढच्या शनिवारी परत. मोटारीत पाच-सहा माणसं, टपावर कॅनव्हासमध्ये गुंडाळलेला डबल बास. प्रसिद्ध गायक हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी कॅडिलॅक मोटारीच्या मागच्या सीटवर वारला, तो ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला निघालेला असतानाच. विमानाने वेळ वाचवू पाहणाऱ्या गायिका पॅट्सी क्लाइनचा ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीतल्या कॅम्डनजवळ अपघाती मृत्यू झाला.

खाण्याचा धागा याच रस्त्यावर जोडला गेला. नॅशव्हिलच्या मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीने १९४८पासून ऑप्री प्रायोजित केली आणि १९५३मध्ये लेस्टर फ्लॅट व अर्ल स्क्रग्ज या गायक-वादक जोडीला पहाटेच्या रेडिओ कार्यक्रमासाठी घेतलं. पुढे टीव्ही आला, पण व्हिडिओ टेप अजून हाताशी नव्हती. म्हणून ही मंडळी दर आठवड्याला जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी असा फेरा मारून प्रत्येक केंद्रावर थेट कार्यक्रम करत. सुमारे अडीच हजार मैल, दर आठवड्याला. त्यांच्या बसवरही कंपनीचं नाव असे. डिसेंबर १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लोकांनी ओरडून फर्माइश केली ती याच पिठाच्या जाहिरातीच्या गाण्याची! जाहिरात कुठे संपते आणि गाणं कुठे सुरू होतं, हा फरक तेव्हाच पुसला गेला होता.

ते पीठ म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेला मैदा. दक्षिणेतला मऊ हिवाळी गहू कमी प्रथिनांचा असतो, त्याने पाव नीट होत नाही, पण तिथली 'बिस्किटं' छान होतात. ही बिस्किटं चहाबरोबरची कुरकुरीत नव्हेत. नाश्त्याला गरम खायचे पापुद्र्यांचे मऊ गोळे. साध्या मैद्यातून करायची तर दर १२० ग्रॅमला चहाचा दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ. असा २४० ग्रॅम मैदा घेऊन त्यात ५५ ग्रॅम गार लोणी बोटांनी चुरायचं, पाऊण कप दाट ताक घालून जेमतेम गोळा करायचा, बोटभर जाड थापून वाटीने कापायचा आणि २३० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटं भाजायचा. जास्त मळलं तर ग्लुटेन ताणलं जाऊन बिस्किटं चिवट होतात. कापताना वाटी फिरवली तर कडा चिकटतात आणि फुगणं अडतं. तयार मिश्रणाचं पीठ सहा महिन्यांवर दमट हवेत राहिलं तर पावडरचा जोर जातो, मग कितीही गरम ओव्हन असला तरी उपयोग नाही. रस्त्यावर हे काही मिळत नसे. गायिका लॉरेटा लिनने १९६०मध्ये पहिली रेकॉर्ड घेऊन नवऱ्यासोबत रेडिओ केंद्रं पालथी घातली ती मोटारीत चीज आणि बोलोनी सॉसेजची सँडविचं खात. घरच्या जेवणाचं कौतुक बऱ्याच अंशी या उपासमारीतून आलेलं आहे.

नाव विकून खाद्यधंद्यात उतरण्याचा मोहही जुनाच. कॉनवे ट्विटी, मूळ नाव हॅरोल्ड जेनकिन्स, याची 'ट्विटी बर्गर' ही उपाहारगृहांची साखळी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाली. गुंतवणूक करणाऱ्या मित्रांचे पैसे त्याने कायद्याचं बंधन नसताना स्वतः परत केले आणि ती रक्कम व्यवसायाचा खर्च म्हणून आयकरात दाखवली. कर खात्याने हरकत घेतली. १९८३मध्ये कर न्यायालयाने निकाल ट्विटीच्या बाजूने दिला: कंट्री गायकाचं उत्पन्न त्याच्या सचोटीच्या लौकिकावर चालतं, तेव्हा तो लौकिक राखण्याचा खर्च धंद्याचाच. निकालपत्राच्या तळटीपेत न्यायालयाने त्याच्यावर चक्क कविताही लिहिली. चाहत्यांशी असलेल्या नात्याची आर्थिक किंमत इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच नोंदली गेली असेल.

हे नातं सांभाळायची रीत गायक अर्नेस्ट टबने घालून दिली. त्याच्या गिटारच्या पाठीवर 'थँक्स' लिहिलेलं असे. गाणं संपलं की तो गिटार उलटी करून दाखवी. खेड्यांत रेकॉर्ड मिळत नाहीत म्हणून त्याने १९४७मध्ये नॅशव्हिलमध्ये दुकान काढून टपालाने विक्री सुरू केली. ७८ फेऱ्यांच्या शेलॅक तबकड्या ठिसूळ, टपालात फुटत, आणि भरपाई दुकानाच्या माथी. पुढे चाहते ऑक्टोबरातल्या रेडिओ निवेदकांच्या संमेलनातच शिरू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी एप्रिल १९७२मध्ये वेगळा 'फॅन फेअर' भरवला गेला. १९९६मध्ये याच मेळ्यात लोकप्रिय गायक गार्थ ब्रुक्स पूर्वसूचना न देता आला आणि सलग २३ तास सह्या करत उभा राहिला.

संगीत साधं ठेवण्यामागेही हिशेब आहे. नॅशव्हिलच्या स्टुडिओत तीन तासांच्या सत्रात साधारण चार गाणी उरकायची असत. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात गायक नील मॅथ्यूजने कॉर्डना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांना, आकडे देण्याची पद्धत आणली आणि चार्ली मॅकॉय व इतर वादकांनी ती रुळवली. १, ४, ५ म्हणजे आपल्या सा, म, प वर उभ्या कॉर्ड. पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. दौऱ्यात गायकाचा घसा बसला की हे फार कामी येतं, पण गिटारवाल्याचे हाल होतात: कॅपोने, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, पट्टी चढवता येते, उतरवता येत नाही. जी पट्टीतलं गाणं एफ पट्टीत आणायचं तर बोटांनी डी चे आकार धरून तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा लागतो, आणि मोकळ्या तारांवर बसवलेले जी चे तुकडे हातातून जातात.

कुटुंबाचं चित्र सर्वांत जास्त सजवलेलं. १९२७च्या ऑगस्टमध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टलला पहिलं ध्वनिमुद्रण करायला कार्टर फॅमिली हा तिघांचा गाणारा ताफा आला तेव्हा मेबेल गरोदर होती आणि सारा तान्हं मूल घेऊन आली होती. सारा आणि तिचा नवरा ए. पी. यांचा घटस्फोट १९३६मध्ये झाला, तरी 'फॅमिली' १९४३पर्यंत एकत्र गात राहिली. १९३९मध्ये ऑप्रीचा गायक रॉय एकफच्या ताफ्यात रेचल व्हीच ही तरुण बँजोवादक आली, तर अविवाहित मुलगी पुरुषांबरोबर कशी फिरते, अशी पत्रं आली. एकफने सहवादक बीचर कर्बीला तिचा भाऊ ठरवून टाकलं. 'ब्रदर ऑस्वाल्ड' हे त्याचं नाव जन्मभर टिकलं. गायक विली नेल्सनच्या 'फॅमिली' या ताफ्यात मात्र पियानोवर खरंच त्याची सख्खी बहीण बॉबी होती, १९७३पासून २०२२मध्ये तिचं निधन होईपर्यंत.

आजचे अनेक जण गुरुवारी रात्री निघून रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे घरी येतात, मुलांच्या शाळेचे दिवस वाचावेत म्हणून. बसमध्ये साधारण १२ बंक, म्हणजे झोपायच्या अरुंद फळ्या, असतात. झोपताना पाय पुढच्या बाजूला ठेवतात, म्हणजे अचानक ब्रेक लागला तर डोकं फळीवर आदळत नाही. बसच्या शौचालयात फक्त लघवी, हा नियम नवख्याला चढताक्षणी सांगतात. टाकी तुंबली तर वास आठवडाभर जात नाही. संघराज्याच्या नियमानुसार प्रवासी बसच्या चालकाने सलग ८ तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवायची. म्हणजे एका रात्रीत साडेपाचशे-सहाशे मैल. दोन गावांत याहून जास्त अंतर असेल तर दुसरा ड्रायव्हर धरावा लागतो, त्याची मजुरी, हॉटेल आणि विमानाचं तिकीट दौऱ्याच्या खर्चात पडतं, आणि बहुतेकदा त्या रकमेपायीच ते गाव यादीतून गळतं.