ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी लवकर थांबते का?

"ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी ओल्या रस्त्यावर लवकर थांबते," असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. अशा टर्बो सेडानमध्ये पावसात ॲक्सिलरेटर दाबला तरी चाकं जागच्या जागी न फिरता गाडी सरळ झेपावते. हीच पकड थांबतानाही मिळेल, असं आपण गृहीत धरतो.

पण ऑल-व्हील-ड्राइव्ह ही यंत्रणा इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देते, एवढंच. ब्रेक तर टू-व्हील-ड्राइव्ह गाडीतही चारही चाकांना असतात. थांबायचं अंतर मुख्यतः ठरतं ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर आणि वेगावर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण चौपट होतं. खरा धोका इथेच आहे: वेग सहज मिळतो, पण रस्ता किती निसरडा आहे ते जाणवतच नाही.

पडताळायचं असेल तर रिकाम्या, ओल्या मैदानात कमी वेगात ब्रेक जोरात दाबून पाहा. पेडल पायाखाली थरथरलं तर एबीएस (ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सुरू झालं, म्हणजे टायरची पकड संपत आली.

मग टायरच्या खाचांत डोकावा. तळाशी छोटे आडवे उंचवटे दिसतील, सहसा 1.6 मिलिमीटरचे. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायलाच हवा. पावसासाठी मी तर त्याआधीच बदला म्हणेन. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असू द्या, नाहीतर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो.