थ्रेडचा पत्ता ठेवायचा कुठे? एका सिस्टिम कॉलची पार्श्वभूमी

हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी, आहे लिनक्समधला ‘सेट_थ्रेड_एरिया’. सी भाषेत एखादा कॉल फसला की कारणाचा क्रमांक ‘एर्नो’ नावाच्या जागेत मिळतो. प्रोग्रॅममध्ये थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे स्वतंत्र धागे) वाढले आणि एकाच्या चुकीवर दुसऱ्याची चूक लिहिली जाण्याची भीती निर्माण झाली. म्हणून प्रत्येक थ्रेडला स्वतःची साठवण लागते आणि तिचा पत्ता एखाद्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) कायम हाताशी लागतो. ते रजिस्टर कोणतं आणि ते बदलायचा अधिकार कोणाला, यावर प्रत्येक आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या घराण्याची) वाट वेगळी झाली.

३२-बिट इंटेलवर रजिस्टरांची मुळातच चणचण, त्यामुळे मेमरीच्या एका भागाकडे बोट दाखवणारं सेगमेंट रजिस्टर कामाला लावलं गेलं. लिनक्सवरची जुनी थ्रेड लायब्ररी त्यासाठी एलडीटीतल्या, म्हणजे प्रोसेसच्या स्वतःच्या सेगमेंट तक्त्यातल्या, नोंदी वापरायची. तिथे एका प्रोसेसला ८,१९२ नोंदींची मर्यादा. २००२ मध्ये उलरिच ड्रेपर आणि इंगो मोल्नार एनपीटीएल ही नवी थ्रेड लायब्ररी घडवत असताना कर्नेल २.५.२९ मध्ये ‘सेट_थ्रेड_एरिया’ आला. जीडीटीत, म्हणजे प्रोसेसरच्या सामायिक सेगमेंट तक्त्यात, तीन जागा राखून ठेवल्या आणि थ्रेड बदलला की कर्नेल त्या नव्याने भरू लागलं. कॉलला दिलेल्या स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या संचात) नोंदीचा क्रमांक -१ दिला, तर कर्नेल मोकळी जागा शोधतं आणि तिचा क्रमांक त्याच स्ट्रक्चरमध्ये लिहून देतं. माझ्या मते ही अतिशय नेटकी रचना आहे, पण ती इंटेलपुरतीच.

६४-बिटवर ती अपुरी पडली, कारण जीडीटीच्या नोंदीत ३२ बिटांचाच पत्ता मावतो. तिथे ‘आर्च_पीआरसीटीएल’ हा वेगळा कॉल आला. पुढे लिनक्स ५.९ पासून, प्रोसेसरची साथ असेल तर, प्रोग्रॅमला कर्नेलला न विचारताही हा पत्ता बदलता येऊ लागला.

मिप्स आणि एम६८के या प्रोसेसर घराण्यांनी ‘सेट_थ्रेड_एरिया’ हेच नाव घेतलं, पण तिथे स्ट्रक्चर नाही, नुसता पत्ता द्यायचा. एम६८केवर पत्ता परत मागणाऱ्या ‘गेट_थ्रेड_एरिया’ला काही द्यावंच लागत नाही, पत्ता उत्तर म्हणूनच परत येतो. मिप्सवर तो ‘आरडीएचडब्ल्यूआर’ या सूचनेने वाचतात, आणि ज्या जुन्या प्रोसेसरांना ती कळत नाही तिथे कर्नेल मध्ये पडून उत्तर देतं. लिनक्सच्या मॅन्युअलमधल्या या कॉलच्या पानावर मात्र बराच काळ फक्त इंटेलची गोष्ट होती. मिप्सवर काम करणाऱ्याने ते वाचून कोड लिहिला, तर तो चुकणारच.

६४-बिट आर्म आणि रिस्क-व्ही यांना असा कॉल लागतच नाही. रजिस्टर प्रोग्रॅमलाच बदलता येतं. नव्या थ्रेडच्या साठवणीचा पत्ता ‘क्लोन’ या थ्रेड तयार करणाऱ्या कॉलच्या एका आर्ग्युमेंटमधून जातो. पण त्या एका आर्ग्युमेंटचाही अर्थ ३२-बिट इंटेलवर स्ट्रक्चरचा पॉइंटर, ६४-बिट इंटेलवर एफएस या सेगमेंट रजिस्टरचा बेस (सुरुवातीचा पत्ता) आणि आर्मवर थेट रजिस्टरची किंमत असा होतो.