आई कामाला गेली म्हणून पोर गुन्हेगार होत नाही

‘आई घरात नाही, पोरगा हाताबाहेर जाणारच.’ नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत पाळीवर जाणाऱ्या बायकांना हे अजूनही ऐकावं लागतं. जुन्या गुन्हेपटांनी हा समज घट्ट रुजवला: बाप दारूत, आई बाहेर आणि पुढच्याच दृश्यात पोराच्या हाती चाकू.

हे खरं नाही. अमेरिकेतल्या बोस्टनमधली ५०० बालगुन्हेगार आणि ५०० इतर मुलं यांची तुलना ग्लूक या संशोधक दांपत्याने १९५० साली प्रसिद्ध केली. सॅम्पसन आणि लाउब या गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात तीच माहिती पुन्हा तपासली. वजनदार ठरल्या त्या तीन गोष्टी: मुलावर लक्ष, शिस्तीतलं सातत्य आणि माया. गरिबीचा परिणामही बराचसा त्यांच्यामार्फतच होतो. मारझोड आणि लहरी शिक्षा तर उलट धोका वाढवतात.

माझ्या शेजारची ताई दुसऱ्या पाळीला असते. संध्याकाळी सातला तिचा फोन येतोच, ‘कुठे आहेस? जेवलास का? काकूंकडे दे.’ लक्ष म्हणतात ते हेच. दिवसभर घरात असूनही पोराचे मित्र कोण, हे ठाऊक नसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि पोलिसांपर्यंत गेलेलं पोरही कायमचं वाया जात नाही. किशोरवयात चुकलेली बहुतेक मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात.