हिशेबाबाहेरचे पाणी : मराठवाड्यात पर्यावरणाचे अर्थशास्त्र शिकताना

एम.ए. अर्थशास्त्राच्या वर्गात पर्यावरणाचा पेपर सहसा इंग्रज अर्थतज्ज्ञ पिगूपासून सुरू होतो. कारखान्याचा धूर शेजाऱ्याला सोसावा लागतो, पण त्याचा खर्च कारखान्याच्या वहीत येत नाही; तो कर लावून आणावा, ही त्याची १९२० मधली मांडणी. मग अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॉटेलिंगचा १९३१ चा प्रश्न : संपणारी खनिजे आज किती उपसायची आणि पुढच्यासाठी किती ठेवायची. पाठोपाठ १९६० चा कोझ : हक्क कोणाचा हे ठरलेले असेल आणि सौदा करणे महाग नसेल, तर दोन्ही बाजू आपसात तोडगा काढू शकतात. हा क्रम चुकीचा नाही. पण गोदाकाठी हा विषय शिकायचा तर त्याची मुळे याहून जवळ आहेत, आणि ती आधी सांगायला हवीत असे मला वाटते.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे केलेली गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारला पाणीपट्टी किती मिळाली एवढ्यावर न थांबता कालव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ मोजणारे हे देशातले सुरुवातीचे काम. कालवे नगर-नाशिकचे, मुंबई इलाख्यातले. त्याच नदीच्या खालच्या अंगाला निजामाचे राज्य होते. ते संपले त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला. वरच्या पाण्याचा लाभ मोजला गेला तेव्हा खालच्या गावांसाठी त्या वहीत रकानाच नव्हता. पुढे पैठणला जायकवाडी धरण उभे राहिले, १९६५ मध्ये पायाभरणी आणि १९७६ मध्ये लोकार्पण. तेव्हापासून हा राहून गेलेला रकाना भांडणाचा विषय झाला.

मधले १९७२ साल वेगळे सांगावे लागेल. त्या मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची जागतिक परिषद भरली आणि इकडे पाऊस गेला. आजही घरातली म्हातारी माणसे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणाली की दुष्काळी कामांवर खडी फोडणे, तिथे वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी हेच बोलतात. त्या कामांतून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ मध्ये कायदा झाला. तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यात पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्ती झाली. माती-पाणी राखायचे तर त्याचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे हे एक उत्तर होते, आणि आमच्याकडे ते पुस्तकाआधी येऊन गेले.

मराठवाड्याच्या राजकारणाने उचललेला शब्द मात्र ‘अनुशेष’, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण यांतली तूट मोजून दाखवली. ते काम मोठेच होते. पण मोजणी सुविधांची होती. जमिनीखालचे पाणी किती उपसले गेले हा तिचा विषय नव्हता.

गायरानाचे तसेच. सामाईक कुरण लोक ओरबाडून संपवतात, असे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ हार्डिनने १९६८ मध्ये लिहिले. लोक स्वतः नियम करून ते टिकवूही शकतात, हे अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. इथल्या गायरानाची गोष्ट या दोन्हींत पुरती बसत नाही. इथे भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरान कसले, त्यासाठी मार खाल्ला, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय मिळवला. कुरण सामाईक होते, तेव्हाही गावात त्यावर कोणाची गुरे चरत आणि कोणाला हुसकावले जाई, हे विचारल्याशिवाय हा धडा अर्धाच राहतो. आंबेडकरांनी १९५० मध्ये कॉलेज काढलेल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात तर तो अर्धा शिकवूच नये.

विषय वर्गात आला तो उशिराच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले, त्यातून पदवीचा सक्तीचा पेपर निघाला. पदव्युत्तर वर्गात तो बराच काळ ऐच्छिक पेपर किंवा एखादे प्रकरण म्हणून राहिला. २०१९ पासून नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या अर्थशास्त्रात त्याला लोकसंख्याशास्त्राबरोबर स्वतंत्र घटक मिळाला, आणि परीक्षा देणाऱ्यांना तो टाळता येईना.

तोवर बाहेर बरेच घडून गेले होते. २००५ मध्ये राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावर जायकवाडीची लढाई लढली गेली. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडावे, हे सूत्र २०१४ च्या आदेशात आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही ऊस आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर वर्गात संशोधन प्रकल्प आणला आहे. बीड, लातूर, धाराशिवच्या विद्यार्थ्याला विषय शोधत लांब जायला नको. तीन बोअर कोरडे गेले आणि चौथ्याला पाणी लागले, तर उसाच्या खर्चात चारही धरायला हवेत. घरचे लोक बहुधा एकच धरतात. आणि चौथ्या बोअरमुळे शेजारची विहीर आटली असेल, तर तिच्यासाठी वेगळा रकाना आखावा लागतो.