वीकनेस: ‘उठवत नाही’ आणि ‘उठता येत नाही’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका काकूंचा उजवा हात पहिल्यांदा माझ्या हातात आला तेव्हा त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन बारा दिवस झाले होते. सकाळी चहा गाळताना गाळणी सुटली, मागोमाग कपही पडला. आदल्या दिवशी चतुर्थीचा उपास होता, तेव्हा घरच्यांना वाटलं, वीकनेस आला असेल. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून संध्याकाळी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं दिसलं, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काकूंची ती वेळ सलाईन चालू असतानाच निघून गेली.

घरच्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. घात केला तो एका शब्दाने. मुलगा गणितात वीक आहे, आंबा म्हणजे बाबांचा वीकनेस, असं आपण सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं कळतंही. पण शरीराबद्दल बोलताना हाच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतो: एक थकवा आणि दुसरी स्नायूंतलं बळ जाणं.

मराठी क्रियापदात हा फरक छान दाखवता येतो. ‘मला उठवत नाही’ म्हणणारा माणूस गळून गेलेला असतो, पण वेळ आली तर उठतो. ‘मला उठता येत नाही’ म्हणणाऱ्याने जीव तोडून जोर लावला तरी पाय साथ देत नाही. बोलण्याच्या ओघात आपण हे दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतो, हे खरं. म्हणून माझ्याकडे कोणी ‘वीकनेस आहे’ म्हणालं की मी आधी एवढंच विचारते: करवत नाही, की करताच येत नाही?

थकव्याची कारणं बहुतेक घरांत ओळखीची असतात. झोप पुरत नाही, ताप येऊन गेलाय, साखर वाढलीय, थायरॉईड मंदावलंय, मन खचलंय. आणि बायकांमध्ये हमखास रक्त कमी. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12च्या खाली आणि पुरुषाचं 13च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया त्यात मोडल्या. अशी बाई जिना चढून धापा टाकते, दुपारी आडवी होते. पण ‘माझा हात ढकला’ म्हटलं की व्यवस्थित ढकलते. तिचे स्नायू शाबूत असतात. तिला तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि काही महिने धीर लागतो. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

आणि ते ‘शक्तीचं सलाईन’? पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेल्या माणसाला सलाईन खरंच वाचवतं. पण रक्त कमी असलेल्या बाईचं रक्त त्याने वाढत नाही आणि झटका आलेल्या हातात बळ येत नाही.

बळ गेलं की ते अंगभर सारखं जाणवतंच असं नाही. कुठलं काम अडतंय, यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. भारतीय संडासात बसल्यावर उठताना नळाचा आधार लागतो, वेणी घालताना हात वर टिकत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही, म्हणजे कंबर आणि खांद्याजवळचे मोठे स्नायू दुबळे झालेत. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता किंवा फार दिवस घेतलेली स्टिरॉइड्स यामागे असू शकतात. शर्टाची बटणं लागत नाहीत, किल्ली फिरत नाही, तर दुखणं हाताच्या टोकाकडे आहे.

पायाचं दुखणं चप्पल सांगते. आपल्याकडे मज्जाविकाराचे डॉक्टर विचारतात, चप्पल पायातून निसटते का? आणि लगेच, निसटल्याचं कळतं का? कळतं पण पावलाला ती धरून ठेवता येत नाही, तर बळ कमी. चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघितलं तेव्हा पाय अनवाणी दिसला, तर संवेदना गेलीय. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात असं होतं.

आम्ही बळ शून्य ते पाच असं मोजतो. स्नायू अजिबात हलला नाही तर शून्य, हात स्वतःच्या वजनासकट उचलता आला तर तीन, माझ्या जोराला पूर्ण जोर दिला तर पाच. काकू आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला दोन मिळाले होते.

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही जा, कारण मोठा झटका येण्याआधी असा छोटा इशारा मिळू शकतो. दोन्ही पायांत मुंग्या येऊन आधी पायांतलं आणि मग वरवरचं बळ कमी होऊ लागलं, तरी थांबू नका. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांची सुरुवात जुलाबाने झाली होती. जुलाबानंतरचे लटपटते पाय पाहून ‘वीकनेस आहे, ताक प्या’ म्हणणं किती सोपं! या आजारात श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार मात्र थकवा आणि बळ जाणं या दोन्हींच्या मधोमध बसतो. त्यात बळ खरंच जातं, पण थकव्यासारखं वापरता वापरता जातं आणि विश्रांतीने परत येतं. सकाळी डोळे टक्क उघडे, संध्याकाळी पापणी खाली. जेवताना पहिला घास सहज चावला जातो आणि शेवटच्या घासाला जबडा दमतो. डॉक्टरांकडे सकाळी गेलं तर कदाचित काहीच दिसणार नाही. घरात कोणाचं असं होत असेल, तर सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी चेहऱ्याचा फोटो काढा आणि तो मोबाईल बरोबर न्या.