शिक्षण विस्तार अधिकारी (सातारा जिल्हा)

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची तपासणी करणारा आणि शिक्षकांना अध्यापनात मार्गदर्शन करणारा पंचायत समितीतील अधिकारी. त्याच्याकडे सोपवलेल्या शाळांच्या क्षेत्राला ‘बीट’ म्हणतात. बीटमध्ये काही केंद्रे, म्हणजे जवळजवळच्या शाळांचे गट, असतात आणि प्रत्येक केंद्राला एक केंद्रप्रमुख. शिक्षण खात्याच्या उतरंडीत वर्गात मुलांजवळ बसून शिकणे-शिकवणे पाहता येते असे हे जवळजवळ शेवटचे पद. त्यावरच्या पदांवर फायलीच जास्त.

ब्रिटिश अमदानीत हे काम डेप्युटी इन्स्पेक्टर पाहत. खेड्यात त्यांना ‘दिपोटी’ म्हणत. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. केंद्रप्रमुखाचे पद १९९४ मध्ये निर्माण झाले.

या पदावर येण्याच्या मुख्य वाटा दोन. एक सरळसेवा परीक्षेची. दुसरी लांबची : डी.एड. करून वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू व्हायचे, मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख म्हणून काम करायचे आणि पदोन्नतीची वाट पाहायची. पुढे गटशिक्षणाधिकारी व उपशिक्षणाधिकारी (महाराष्ट्र शिक्षण सेवा, गट ब), मग शिक्षणाधिकारी (गट अ), कोल्हापूरचे विभागीय उपसंचालक आणि पुण्यातले संचालक अशी चढण आहे. गट अ आणि ब मध्ये राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतूनही थेट भरती होते. त्यामुळे शिक्षक म्हणून सुरुवात केलेला माणूस वरपर्यंत क्वचितच पोहोचतो. त्याआधीच ५८ वर्षे पूर्ण होतात.

साताऱ्याच्या अकरा तालुक्यांत हे काम एका साच्यात बसत नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात पाऊस इतका, की अतिवृष्टीच्या भागातील शाळांना ऐन पावसाळ्यात सुट्टी देऊन उन्हाळ्यात वर्ग भरवण्याची पद्धत पडली. कोयनाकाठच्या वस्त्यांवर पटसंख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते. माण-खटावमध्ये मेंढरांमागे जाणाऱ्या कुटुंबांची मुले टिकवायची असतात, तर कराड-फलटणच्या ऊसपट्ट्यात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुले जवळच्या शाळेत दाखल करून घ्यावी लागतात.

शाळाभेटीची रीत ठरलेली आहे. परिपाठाला पोहोचायचे, हजेरीवरचा पट आणि समोर बसलेली मुले ताडून पाहायची, पोषण आहाराची नोंदवही उघडायची, खिचडीची चव घ्यायची. मग वर्गात जाऊन एखाद्या मुलाकडून परिच्छेद वाचून घ्यायचा, फळ्यावर हातच्याची वजाबाकी घालायची. शेवटी शेरेबुकात शेरा. ‘अध्ययनस्तर समाधानकारक’ असा एका ओळीचा शेरा लिहून गाडीला किक मारणारे पुष्कळ. तिसरीतला अमुक मुलगा जोडाक्षरांना अडतो, पुढच्या भेटीत पुन्हा पाहीन, असे लिहिणारा अधिकारी मात्र शिक्षकांच्या कायम लक्षात राहतो.

या पदाची ताकद राज्याला दिसली ती जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलाने अनुभवातून स्वतः ज्ञान घडवण्याची रीत, शाळाशाळांत रुजवली. बाकांच्या रांगा गेल्या, मुले गटागटाने जमिनीवर बसू लागली. फरशीवर अक्षरांचे आणि अंकांचे तक्ते रंगवले गेले, मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर फळे आले. बिया, खडे, काड्या आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हाताळत मुले दशक-एकक शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक हे वर्ग पाहायला आले आणि २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात या कामाचा आदर्श पुढे ठेवला गेला. अनेक ठिकाणी फरशी तेवढी रंगली, मुलांशी बोलण्याची पद्धत जुनीच राहिली. कारण शिक्षकासोबत वर्षभर बसणारा अधिकारी तिथे नव्हता.

तो नसण्याची कारणेही कार्यालयातच सापडतात. संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणे), यू-डायस (शाळांची माहिती ऑनलाइन भरणे), मुलांच्या नोंदींशी आधार जुळणी, निवडणुकीची कामे, तक्रारींच्या चौकशा आणि व्हॉट्सॲपवर ‘आजच्या आज’ म्हणून मागवली जाणारी माहिती. पद रिक्त राहिले की शेजारच्या बीटचा अतिरिक्त कार्यभारही त्याच माणसाकडे येतो. अशा वेळी सर्वांत आधी कमी होतात त्या शाळाभेटी.