मेरुरज्जूची इजा व नुकसानभरपाई (सोलापूर जिल्हा)

अपघातात पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूला कायमची इजा झाल्यावर जबाबदार व्यक्तीकडून किंवा तिच्या विमा कंपनीकडून कायद्याने मिळवायची रक्कम. सोलापूरकडे इजेला ‘मणक्याला मार लागला’ आणि दाव्याला ‘क्लेम टाकला’ असे म्हणतात. कमरेखालचे अंग लुळे पडण्यास परिभाषेत ‘अधरांगघात’ हा शब्द आहे. दवाखान्यात व कोर्टात मात्र ‘पॅराप्लेजिया’ असेच म्हणतात. नातेवाईक जबाबात पुष्कळदा ‘अर्धांगवायू’ सांगतात. हा शब्द टाळावा. अर्धांगवायूत मेंदूच्या विकाराने शरीराची एक बाजू जाते. जबाबात तो शब्द राहिला, तर इजेचा अपघाताशी संबंध नाही असे म्हणायला समोरच्या वकिलाला जागा मिळते.

मेरुरज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मानेत इजा झाल्यास चारही अवयव जातात, छातीच्या किंवा कमरेच्या भागात झाल्यास पाय. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, त्वचेची संवेदना जाणे आणि त्यातून होणाऱ्या शय्याजखमा (सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) वरवर पाहणाऱ्याला दिसत नाहीत. भरपाईचा मोठा भाग मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतो.

भरपाईची कल्पना भारतात केव्हापासूनची, याबद्दल एकमत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात (श्लोक 287) अवयवाला इजा करणाऱ्याने ‘समुत्थानव्यय’, म्हणजे जखमी माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंतचा खर्च, द्यावा असे सांगितले आहे. पुढे श्लोक 290 पासून वाहनाने होणाऱ्या इजेचा विचार येतो. वेसण तुटणे, जू मोडणे अशा दहा प्रसंगी दोष लागत नाही. पण हाकणाऱ्याच्या (‘प्राजक’) अकौशल्याने गाडी भरकटली तर मालकाला दोनशे पणांचा (पण म्हणजे तेव्हाचे नाणे) दंड सांगितला आहे. यात मालकाच्या परोक्ष दायित्वाचे (नोकराच्या चुकीसाठी मालक जबाबदार, या तत्त्वाचे) मूळ पाहण्याकडे काहींचा कल आहे. ग्रंथाचा काळ पां. वा. काणे यांनी इ. स. पू. 2 रे ते इ. स. 2 रे शतक असा धरला. अलीकडचे काही संशोधक तो इ. स. 2 ऱ्या-3 ऱ्या शतकाकडे नेतात. मात्र मालकावरचा तो दंड आहे, आणि दंड राजाच्या खजिन्यात जातो. त्यामुळे आजच्या भरपाईशी नाते जोडायचेच असेल, तर ते दंडापेक्षा ‘समुत्थानव्यया’शी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रत्यक्ष कायदा इंग्लंडच्या दिवाणी न्यायपरंपरेतून आला, याबद्दल वाद नाही.

मोटार अपघातांसाठी स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद 1956 च्या दुरुस्तीने 1939 च्या कायद्यात आली. त्यापूर्वी दिवाणी दावा लावावा लागे. सध्याचा मोटार वाहन कायदा 1988 चा असून तो 1 जुलै 1989 पासून लागू आहे. अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो. सोलापूरसाठी ही सोय मोलाची आहे. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजापूर हे रस्ते येथे एकमेकांना मिळतात. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या भाविकांची वाहतूक बारमाही असते. विजापूरजवळ किंवा तेलंगणात जखमी झालेला सोलापूरकर आपला अर्ज सोलापुरातच दाखल करू शकतो.

खरा वाद टक्क्यांचा. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा शरीराचा असतो, कमाईचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या ऑक्टोबर 2010 च्या निकालात हा फरक मांडला. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला कारकून यांचे शारीरिक अपंगत्व सारखेच, पण कमाईचे नुकसान सारखे नाही. दाखला एका अवयवाचा की संपूर्ण शरीराचा, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे असे त्यात म्हटले आहे. हा निकाल येऊन दीड दशक झाले, तरी दाखल्यावरचा आकडा तसाच उचलून कमाईला लावण्याचा युक्तिवाद आजही केला जातो. त्याने किती फरक पडतो ते उदाहरणाने पाहू.

समजा, 30 वर्षांचा यंत्रमाग कामगार महिना 15,000 रुपये मिळवतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) चाळिशीच्या आतील, कायम नोकरी नसलेल्याच्या उत्पन्नात भावी वाढीचे 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 21,000, वर्षाचे 2,52,000. सरला वर्मा निकालातील (2009) कोष्टकाप्रमाणे 26 ते 30 वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा) 17. कमाईचे नुकसान 100 टक्के धरले तर 42,84,000 रुपये होतात. दाखल्यावर समजा 70 टक्के असले आणि तेच धरले तर 29,98,800. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात करायची नाही. माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे.

यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, एका मागावरून दुसऱ्या मागाकडे फिरत असतो, तुटलेला धागा वाकून जोडतो. पाय गेले की हे काम पूर्ण संपते; येथे 100 टक्क्यांहून कमी धरण्यास आधार दिसत नाही. विडी कामगार स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. काम मांडीवर सूप घेऊन, बसून आणि हातांनी चालते; तेव्हा पाय गेले तरी कमाई सुरू राहू शकते, असा मुद्दा मांडता येतो. तो वरवरचा आहे. छातीच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला आधाराशिवाय धड सावरून बसता येत नाही. संवेदना नसल्याने एका जागी तासन्‌तास बसल्यास शय्याजखम होते. थोड्या थोड्या वेळाने भार हलवावा लागतो, तो बहुधा दुसऱ्याच्या मदतीने. विडीची मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून तुटक कामाला फारसा दाम उरत नाही. हे सारे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीतून नोंदीवर आले पाहिजे. दाखला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना 1963) संलग्न सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळतो, पण नुसता दाखला एवढे सांगत नाही.

दुसरी दुर्लक्षित बाब सेवेकऱ्याच्या खर्चाची. घरी आई किंवा बायको उठवते, कूस बदलते, कॅथेटर पाहते. तिला कोणी पगार देत नाही म्हणून खर्च शून्य, असे धरणे अन्यायाचे आहे. काजल विरुद्ध जगदीश चंद या 2020 च्या निकालात 12 वर्षांच्या मुलीसाठी दोन सेवेकऱ्यांचे महिना 10,000 रुपये धरून, 18 च्या गुणकाने 21,60,000 रुपये या एका बाबीखाली देण्यात आले. ती इजा मेंदूची होती. पण चोवीस तासांची गरज मेरुरज्जूच्या इजेतही तीच असल्याने हे तत्त्व येथेही लागू पडावे.

मुदतीबाबत सावध असावे. 1994 मध्ये रद्द झालेली मुदत 2019 च्या दुरुस्तीने परत आली, आणि 1 एप्रिल 2022 पासून अर्ज सहा महिन्यांत करावा लागतो. या तरतुदीला आव्हान दिले गेले असून, केवळ या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. तरी अंतिम निकालाच्या भरवशावर थांबणे धोक्याचे. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि तोच अर्ज म्हणून धरता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली दोष सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख मिळतात. ते स्वीकारल्यास मूळ अर्ज संपुष्टात येतो. मणका मोडलेल्याच्या घरात रोकड संपलेली असते, त्यामुळे हा मोह मोठा आणि तोटाही मोठा. वाहन न सापडल्यास 2022 च्या योजनेतून गंभीर जखमीला फक्त 50,000 रुपये मिळतात.

ऊस वाहतुकीतील अपघातांत गुंता वाढतो. ट्रॉलीवर बसलेला तोडणी मजूर विम्यात बसतो का, त्याचा मालक मुकादम की कारखाना, हे प्रश्न दरवेळी नव्याने उभे राहतात. काही प्रकरणांत विमा कंपनीने आधी रक्कम द्यावी व नंतर वाहनाच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. कामावरच्या इजेसाठी 1923 चा कामगार भरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या कायद्याच्या परिशिष्टात ‘पूर्ण कायम अपंगत्व’ मानलेल्या इजांत दोन्ही हात किंवा दृष्टी जाणे आहे, मेरुरज्जूचा उल्लेख नाही. तरीही अपघातापूर्वी करता येणारे सर्व काम थांबणे ही व्याख्या लागू पडते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआय) कामगाराला सरासरी वेतनाच्या 90 टक्के दराने तहहयात लाभ मिळतो; त्याच इजेसाठी कामगार भरपाईचा वेगळा दावा त्याला करता येत नाही.

झाडावरून किंवा विहिरीत पडून इजा झालेल्या शेतकऱ्याला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेत दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख रुपये अनुदान आहे. शस्त्रक्रियेतील निष्काळजीपणासाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते. हैदराबादेतील शस्त्रक्रियेनंतर अधरांगघात झालेल्या तरुणाला सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये 1 कोटी रुपये दिले. त्याने आपली बाजू स्वतः मांडली होती.

अपंग व्यक्ती, स्त्रिया व कामगार यांना 1987 च्या कायद्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड लवकर होते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धचे अपील पूर्वी मुंबईला जाई. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) आला आहे. पुढील उपचारांचा खर्च मात्र पहिल्याच अर्जात मागावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नागप्पा निकालाप्रमाणे (2002) मागितल्यापेक्षा अधिक रक्कम न्यायाधिकरण देऊ शकते. पण निवाडा झाल्यावर, पाच वर्षांनी शय्याजखमेची शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्यासाठी दुसरा दावा लावता येत नाही.